ताईच्या गाडीची छोटी बॅटरी

ताईची गाडी मेली, आणि आईने दुपारचं ताट तसंच झाकून ठेवलं.

काही वर्षांमागे माझी स्कूटर भर रस्त्यात बंद पडली होती तेव्हा मी घरी फोन केला होता. "मग ढकलत आण," एवढं बोलून आईने फोन ठेवला होता, आणि त्या दिवशी ती व्यवस्थित जेवली होती. मी ढकलत घरी पोचले तेव्हा ती बडीशेप चघळत होती.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. राहते समुद्रापलीकडे, येते वर्षातून एकदा. मागच्या खेपेला तिचा मुक्काम लांबला, तेव्हा तिने ही गाडी घेतली. हायब्रिड. पेट्रोलवरही चालते, विजेवरही, आणि कधी कशावर चालते ते बाहेरच्याला कळत नाही. "आईला डॉक्टरकडे न्यायला बरी," असं म्हणून ताई विमानात बसली. आईला डॉक्टरकडे मी नेते, टॅक्सीने. कारण त्या गाडीला हात लावला की आईचा जीव वरखाली होतो. "ओरखडा उठला तर ताई काय म्हणेल?" मला गाडी चालवता येते, दुकानाची व्हॅन मीच हाकते, पण ताईच्या गाडीला ती ओळख पुरत नाही. तेव्हा गाडी पोर्चमध्ये सावलीत, अंगावर मापाचं कव्हर घालून. आणि माझी स्कूटर बाहेर, भिंतीला टेकून, उन्हात.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. काचा फ्रेमच्या मापात घासायच्या, बसवायच्या, नाकावर घसरणारी फ्रेम गरम करून वळवायची. शिकवलं कोणी नाही, बघून बघून आलं. आमच्या दुकानात सगळं हळू आवाजात चालतं. मालकांचं म्हणणं, चष्म्याच्या दुकानात मोठ्याने बोललं की गिऱ्हाइकाला वाटतं, आपण आंधळे झालो. त्यामुळे माझा आवाजही तसाच होऊन बसलाय, बेताचा.

रोज संध्याकाळी घरी आल्यावर मी आईला दुकानातल्या गमती सांगायचे. ओट्याकडे तोंड करून भाजी चिरत चिरत. पूर्वी ती मध्ये मध्ये प्रश्न विचारायची, गिऱ्हाइकांची नक्कल करून दाखवायची. गेल्या वर्षभरात ते बंद झालं. मी बोलते, ती टीव्हीकडे बघते आणि म्हणते, "हं." कधी तेवढंही नाही. टीव्ही मात्र असा लावलेला की शेजाऱ्यांना स्वतःचा लावायची गरज पडू नये. माझ्या नवऱ्याशी ती अजून बोलते. त्याचा आवाज मुळातच स्टेशनवरच्या घोषणेसारखा आहे. तो "आई, चहा?" म्हणाला की ती लगेच वळते, हसते. जावयाचं कौतुक असतंच म्हणा.

जावयाचं मी एक वेळ चालवून घेतलं. पण मागे एकदा दुपारी मी अवेळी घरी आले, चाव्या विसरले होते म्हणून. फाटकातून आत शिरले तर गाडीचं कव्हर पुढून दुमडलेलं आणि आई गाडीत बसलेली. पुढच्या सीटवर, काचा बंद, समोरचा पडदा उजळलेला. ती बोलत होती. हात हलवून, डोळे मिटून, मान मागे टाकून हसत होती. ते हसू मी ओळखते. माझ्या लहानपणी स्वयंपाकघरात ते असायचं. मला वाटलं होतं, ते वयाबरोबर संपलं. संपलं नव्हतं. ताईसाठी राखून ठेवलं होतं.

मी चाव्या न घेताच परत गेले. संध्याकाळी आईला विचारलं, "दुपारी काय केलंस?" ती म्हणाली, "हं."

त्यानंतर माझ्या डोक्यात एकच भुंगा. घरात फोन आहे, खोली आहे, दार लावता येतं. मग गाडीत बसून का बोलायचं? कारण उघड होतं. माझ्यापासून लपवायचं होतं. आणि लपवण्यासारखं काय असणार? ताई या खेपेला आईला कायमची घेऊन जाणार. दोघींचं ठरलेलं असणार. पुढच्या आठवड्यात ताई येणार, बॅगा भरणार, आणि मी बसेन ओट्याकडे तोंड करून.

तर अशी ती गाडी मेली.

"छोटे," आई मला म्हणाली, "गाडीचं दार उघडत नाहीये. धूळ पुसायला गेले होते."

"बाहेरून पुसायची ना धूळ?"

"हं."

"मग दार कशाला हवं?"

आईने माझ्याकडे पाहिलं आणि किल्ली पुढे केली. "ताई येतेय. तोवर चालू व्हायला हवी. काय ते कर."

'ताई येतेय' हे दोन शब्द ती असे म्हणते की तिच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती कमी होते. मी मोजलेली नाही, पण होते.

किल्लीचं बटण दाबलं. काही नाही. गाडी दगडासारखी गप्प. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला, तर त्यांना पुढचा आठवडा उलटल्याशिवाय वेळ नव्हता. मग मी दुकानातून येताना बॅटरीवाल्याकडे थांबले. काउंटरमागे हातावर काळे डाग पडलेला गृहस्थ केळं खात बसला होता.

"गाडी किती चालवता?" त्याने विचारलं.

"चालवत नाही."

"मग काय करता?"

"पुसतो."

त्याने केळ्याचं साल बाजूला ठेवलं. "बघा, या गाडीत बॅटऱ्या दोन. मोठी आहे ती चाकं फिरवते. ती ठणठणीत असणार, तिला काही धाड भरलेली नाही. छोटी मागे डिकीत असते. दारं, दिवे, बटणं, सगळं तिच्यावर. गाडी उभी असली तरी ती आपली जागी, राबतच. छोटी बसली की मोठीला उठवायला कोणी नाही."

घरी गेल्यावर हे वाक्य मी नवऱ्याला शब्दशः ऐकवलं. तो म्हणाला, "तू बॅटरीबद्दलच बोलतेयस ना?"

"आणखी कशाबद्दल बोलणार?"

"नाही, आपलं विचारलं."

बॅटरीवाल्याने आणखी एक विचारलं होतं. "कोणी आत बसून नुसतं बटण दाबतं का? ब्रेक न दाबता? तसं केलं की गाडी तयार होत नाही, फक्त रेडिओ आणि पडदा चालू होतो. सगळा भार छोटीवर. ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं की पडद्यावर 'रेडी' येतं, मग मोठी तिला चार्ज करते. गाडी चालवता येणारा माणूस ही चूक सहसा करत नाही."

आईला गाडी येत नाही. तिचं पाऊल ब्रेकपर्यंत जाण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे दुपारच्या त्या हसण्याने, त्या गुजगोष्टींनी बॅटरी प्यायली होती. मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. निदान काहीतरी संपलं होतं.

तो म्हणाला, परवा माणूस पाठवतो. मी म्हणाले, नको, द्या, मी बसवते. त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. मी म्हणाले, "याहून बारीक स्क्रू रोज बसवते." खरं कारण वेगळं होतं. ताईने गाडी घेऊन दिली, ठीक आहे. ती जिवंत मी करणार होते, आणि आईच्या डोळ्यांदेखत करणार होते.

रविवारी सकाळी सुरुवात केली. आईने पायरीवर पाट टाकला आणि फोन मांडीवर घेऊन बसली. रिमोटच्या पोटात एक साधी धातूची किल्ली लपवलेली असते, ती ओढून काढली आणि दार उघडलं. पण डिकी? डिकी विजेवर उघडते. वीज आहे बॅटरीत. बॅटरी आहे डिकीत.

"ज्याने हे बनवलं त्याच्या घरी सासू-सुना दोघी इंजिनियर असणार," नवरा म्हणाला. "एकीने कुलूप लावलं, दुसरीने किल्ली आत ठेवली."

"बॅटरी धरा आणि गप्प बसा."

"कुठली? छोटी की मोठी?"

"हातातली. उजेड पाडायची."

मागची सीट पाडली आणि मी सरपटत डिकीत शिरले. या वयात असं शिरायचं म्हणजे गुडघे एकेक करून परवानगी मागतात. आतून दाराच्या अस्तरात एक झाकण होतं, त्याखाली एक कडी. ती सरकवली तशी डिकी वर गेली आणि उजेड आत आला. पायरीवरून आई वाकून बघत होती. मी हसले. ती म्हणाली, "कापड अंथर गं, सीटला काळं लागेल."

उजव्या कोपऱ्यात प्लॅस्टिकचं झाकण, त्याखाली बॅटरी. आधी काळी तार सोडायची, मग लाल. लावताना उलट, आधी लाल. मध्ये पाना दोन्हीकडे टेकू द्यायचा नाही, नाहीतर ठिणगी. पट्टा सोडला. बॅटरीच्या कुशीत एक बारीक नळी होती, आतला वायू बाहेर सोडणारी. ती हळूच काढून बाजूला वळवून ठेवली. नवीन बॅटरीला हीच नळी लावायला लोक विसरतात, असं बॅटरीवाला म्हणाला होता. चष्म्याच्या नाकाच्या गादीसारखं ते काम. दिसत नाही, पण नसेल तर सगळं बिघडतं. जुनी बॅटरी भरल्या कळशीएवढी जड. नवऱ्याने ती उचलली आणि कमरेला हात लावून अशी बाहेर नेली, जणू सगळं काम त्यानेच केलं.

नवी बसवली. पट्टा, नळी, लाल, काळी. काळी तार टेकताच गाडी एकदम जागी झाली. कुठेतरी टिक, कुठेतरी घूं, आणि छतातला दिवा लागला.

"लागला!" आई पायरीवरून उठलीच. टाळ्या वाजवल्या तिने. माझ्यासाठी की गाडीसाठी, ते मी विचारलं नाही.

पोर्चमध्ये इंजिनचा धूर नको म्हणून मी ब्रेकवर पाय ठेवला, बटण दाबलं, 'रेडी' आलं, आणि हळूहळू मागे घेत गाडी फाटकाबाहेर मोकळ्यावर काढली. आई शेजारून चालत आली, दोन्ही हात दोन्ही बाजूंना पसरून, ओरखडा अडवायला. गाडी थांबली तशी ती माझ्या खिडकीबाहेर उभी राहिली. फोन तिच्या हातात.

समोरच्या पडद्यावर अक्षरं आली. आईचा फोन गाडीने आपणहून ओळखला होता. सवयीचा होता ना. आणि तेवढ्यात गाडीभर रिंग वाजली. पडद्यावर नाव आलं: लाडकी.

ते नाव ताईने स्वतःच घातलेलं, मागच्या खेपेला, गंमत म्हणून. आईला फोन घेतला तेव्हा नंबर भरून दिले मी. माझा भरला 'दुकान' म्हणून, का तर अडीअडचणीला पटकन सापडावा. मी स्वतःच्या हाताने स्वतःला दुकान करून ठेवलं होतं.

स्टिअरिंगवरचं हिरवं बटण मी दाबलं. मला विचाराल तर माझ्या अंगठ्याने दाबलं.

"आई!" चारी बाजूंनी ताई बोलली. दारातून, पाठीमागून, पायाजवळून. "झाली का गाडी सुरू? बसलीस आत? आता माझं ऐक. मी यायच्या आधी तिला सांगून टाक. मी आल्यावर कळलं तर ती मला फाडून खाईल."

"काय सांगायचं?" मी विचारलं.



"छोटे?"

"दुकान बोलतंय. काय सांगायचं होतं?"

"आई कुठाय?"

"बाहेर. काचेपलीकडे. तू तिला घेऊन जाणारेस, हेच ना?"

"मी? कुठे?" ताई गोंधळली. मग तिने श्वास सोडला, तोही चारी बाजूंनी ऐकू आला. "अगं वेडे, तिला ऐकू येत नाहीये."

मी काचेतून आईकडे पाहिलं. ती बॉनेटवरचं कसलातरी ठिपका पदराने पुसत होती.

"साधा फोन कानाला लावला की तिला शब्द लागत नाहीत. मागच्या वेळी गाडीतून मी कोणालातरी फोन लावला, तर ती म्हणाली, किती स्पष्ट गं! तेव्हा माझ्या लक्षात आलं. काचा बंद, बाहेरचा गोंगाट नाही, सगळीकडून आवाज. मीच शिकवलं तिला, बस आणि बटण दाब. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती तिने मला."

आता कोणीही म्हणेल, आईची कीव आली असेल, डोळे भरले असतील. ते नंतर. आधी जे वाटलं ते असं: तुला सांगितलं. मी रोज तिची औषधं काढते, नखं कापते, तिच्या चष्म्याची काडी दर महिन्याला सरळ करते, आणि सांगितलं तुला.

"बरं," मी म्हणाले.

"बरं काय? रागावलीस? ऐक, ती मला काय सांगते माहितीये? म्हणते, छोटी संध्याकाळी येते, माझ्याकडे पाठ करून काहीतरी सांगत असते, खांदे हलतात तिचे हसताना. मी आपली 'हं' म्हणते. काय सांगते कोण जाणे."

मी फोन बंद केला. त्यानंतरचं ऐकायला मला गाडीभर ताई नको होती.

शेजारचं दार उघडून आई आत बसली. मला बघून तिला सगळं कळलं असावं, कारण तिने आधी सीटवर कापड आहे ना ते तपासलं आणि मग पुढे बघत बसली.

"कधीपासून?" मी विचारलं. मोठ्याने, तिच्याकडे तोंड करून.

"ओरडू नकोस. गाडीत ऐकू येतं मला."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू मला डॉक्टरपुढे बसवलं असतंस. तिसऱ्या दिवशी कानात यंत्र."

"मग? बिघडलं काय असतं?"

"म्हातारी झाले असते मी."

"आणि आत्ता कोण आहेस?"

ती हसली, पण छोटंसं. मी सोडलं नाही. "ताईला मात्र सांगितलंस."

"तिला कोणी सांगितलं? तिला कळलं. ती वर्षाने बघते गं, तिला फरक दिसतो. तू रोज बघतेस."

अख्ख्या गावाला दिसायला लागावं म्हणून मी दिवसभर काचा घासते.

"मला वाटलं, तुम्ही दोघी तिकडे जायचं ठरवताय," मी म्हणाले.

"तिकडे? तिकडे गाडीत बसून बोलू कोणाशी?" आईने असं विचारलं की जणू मीच बिनडोक होते. मग हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. डिकीची काळी ग्रीस तिथे लागली होती. तिने ती आपल्या बोटाने पुसली. आपल्या पदरालाच. "ताई आली की जाऊ डॉक्टरकडे. तिघी. याच गाडीतून."

"चालवणार कोण?"

"तूच. ती मागे बसेल."

ताई मागे! हे मी मनात जपून ठेवलं, नंतर सावकाश बघायला.

बॅटरीवाला म्हणाला होता, सुरू केल्यावर बराच वेळ तशीच चालू राहू द्या, छोटीला पोटभर मिळू द्या. मी उतरले. आईला म्हणाले, "तू बस आतच. ब्रेकला हात-पाय लावू नकोस." दार लावलं, भिंतीपाशी स्कूटर होती तिच्यावर जाऊन बसले, आणि फोन लावला.

काचेतून दिसलं, आईने पडदा वाचला. तिने बोट पुढे केलं.

"हॅलो? कोणतं दुकान?"

"चष्म्याचं."

"बोला. काय काम काढलंत?"

"गुरुवारची गंमत सांगायची राहिली होती."

"गुरुवारी तू कोबी चिरत होतीस. सांग."

मी सांगितली. एक बाई आल्या होत्या. त्यांना जावेच्या चष्म्यासारखीच फ्रेम हवी होती, अगदी तश्शीच, पण जावेच्या फ्रेमपेक्षा चांगली. रंग तोच, आकार तोच, तरी बघणाऱ्याला कळायला हवं की ही वरचढ आहे. मी सगळा खण उपसला. एकही पसंत पडेना.

"मग?" आई पुढे सरकली. काचेपलीकडे तिची भुवई वर गेलेली मला दिसली.

"मग मी आत गेले, तीच फ्रेम मखमली डबीत घालून आणली, आणि हळूच म्हणाले, ही सगळ्यांना दाखवत नाही."

"घेतली?"

"डोळ्यांना लावूनच गेल्या."

आईची मान मागे गेली, डोळे मिटले. ते हसू. फोनमधून आलं, आणि बंद काचेतून थोडंसं बाहेरही आलं. मग ती सावरली आणि नाकावर चष्मा चढवल्याची नक्कल करून, मान वाकडी करून म्हणाली, "ही सगळ्यांना दाखवत नाही!" हुबेहूब मी. माझा तो बेताचा आवाज तिने न ऐकता कुठून उचलला, देव जाणे.

पोर्चमधून नवऱ्याने घोषणा केली, "अगं, चार हातांवर बसलीय ती! फोन कशाला?"

मी हाताने त्याला गप्प केलं.

"छोटे," आईचा आवाज आला. "थांब जरा. पडद्यावर काहीतरी आलंय. ताई फोन करतेय."

"मग?" मी विचारलं. स्कूटरचं हँडल मी धरून होते, का ते ठाऊक नाही. सीट उन्हाने तापली होती.

आई पडद्याकडे बघत राहिली. मग तिने काचेतून माझ्याकडे पाहिलं, आणि सीटमध्ये जरा मागे टेकून बसली.

"वाजू दे," ती म्हणाली. "आत्ता दुकान उघडं आहे. शुक्रवारचं सांग."